गरम मुठींना खोबरेल

११ डिसेंबर, गुरुवार

ती. वीणावन्संना,

आधी नमस्कार, मग चौकशी आणि मग कबुली, या क्रमाने लिहिते आहे, म्हणजे कबुलीपर्यंत पोचेस्तोवर तुमचा राग चौकशीत थोडा निवलेला असेल. तुमचा गुडघा कसा आहे? जिन्याला कठडा बसवून देतो म्हणून तुमच्या गिरीशने दिवाळीत सांगितलं होतं, तो बसला का, की अजून ‘पुढच्या वीकेंडला नक्की’ चाललंय? तिकडे टेक्सासात, अर्विंगला तुम्ही डिसेंबरातही नुसत्या चपला घालून अंगणात हिंडता असं ऐकते. इथे आज सकाळी उणे अकरा होतं आणि दाराची कडी हाताला चिकटत होती. माझी तब्येत उत्तम आहे. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा, कारण तुम्हाला कालपर्यंत वेगळं कळलेलं असणार.

फोन न करता पत्र लिहिते आहे त्याला कारण आहे. फोनवर तुम्ही दुसऱ्या वाक्याला ‘अगं पण मंदा’ म्हणता, आणि ही हकीकत तिसऱ्या वाक्यापासून बरी होत जाते. परीक्षितने तुम्हाला रविवारीच फोन केला असेल आणि सांगितलं असेल की आई एटीव्हीवरून पडली. आई पडली नाही. आई शेवटपर्यंत सीटवर बसलेली होती. पडला तो दुसराच, आणि तो माणूसही नव्हता. पण हे क्रमानेच सांगायला हवं.

तुम्हाला आमचं घर आठवत असेल. नोव्हाय शहरापासून तासभर उत्तरेला, रस्त्यापासून आत, आणि रस्ता ते दार असा पाव मैलाचा ड्राइव्ह-वे. तुमच्या बंधूंनी रिटायर झाल्यावर ही जागा घेतली तेव्हा मी विचारलं होतं, एवढ्या लांब दार कशाला. ते म्हणाले, शांतता मिळेल. (मिळाली. आता थोडी जास्तच आहे.) उन्हाळ्यात हा ड्राइव्ह-वे म्हणजे सुंदर वाट असते, आणि हिवाळ्यात तेच एक काम असतं. बर्फ पडला की तो लोटल्याशिवाय मोटार निघत नाही, टपाल आणता येत नाही, आणि आमच्या वयाचा माणूस चालत गेला तर पोचेपर्यंत पडतो. त्यासाठी ती एटीव्ही. चार जाड चाकं, वर मोटारसायकलसारखं हँडल, पुढे बर्फ लोटायचं पातं. तुम्ही आला होतात त्या जुलैत तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला होतात की ही मोटारसायकल आहे की ट्रॅक्टर हे आधी ठरवा, मग मी बसते. आम्ही तिला म्हैस म्हणतो. काळी आहे आणि चिखल दिसला की थांबते.

बर्फ लोटायला तुमचे बंधू जात आणि मी मागच्या सीटवर बसत असे. प्रेमाने नव्हे, वजन म्हणून. पातं पुढे ढकलताना मागची चाकं हलकी पडतात आणि जागच्या जागी फिरतात, त्यांच्यावर भार लागतो. माझे हात तेव्हा त्यांच्या जाकिटाच्या खिशात असत. तुम्हाला माहीत आहे, थंडीत माझी बोटं खडूसारखी पांढरी होतात आणि मग अर्धा तास माझी राहत नाहीत. ते मात्र हातमोजेसुद्धा घालायचे नाहीत. सव्वीस वर्षं कंपनीत बसून त्यांनी अमेरिकेच्या बुडाखाली ऊब पोचवली (गरम होणाऱ्या सीटांचं डिपार्टमेंट, हे तुम्ही नातेवाइकांना सांगताना ‘ऑटो इंजिनिअर’ एवढंच सांगायचात), आणि स्वतः उघड्या हातांनी बर्फ उचलायचे. घरातला हीटर सहासष्ट फॅरनहाइटच्या वर गेला की त्यांना गुदमरायचं.

गेला हिवाळा मी फ्रीमाँटला काढला, ते तुम्हाला माहीत आहेच. परीक्षित आणि हिमानी दोघंही फार चांगली वागली. पण त्यांच्या टाउनहाउसला तीन मजले, खाली मी, मधे स्वयंपाकघर, वर माणसं. सकाळी माणसं वरून उतरून मधून जाऊन खाली गॅरेजमध्ये नाहीशी होतात. मी गॅलरीत चार कुरडया वाळत घातल्या तर सोसायटीचं पत्र आलं, फोटोसकट. त्यांना ते काय आहे हे कळलं नव्हतं, त्यांनी ‘वस्तू’ लिहिलं होतं. मार्चमध्ये मी परत आले आणि म्हणाले, पुढचा हिवाळा मी माझ्या घरात काढणार. परीक्षितने दिवाळीत अट घातली. एका रविवारी फोनचा कॅमेरा चालू ठेवून मी एकटीने ड्राइव्ह-वे साफ करून टपाल घरात आणून दाखवायचं. जमलं तर तो वसंतापर्यंत विषय काढणार नाही. नाही जमलं तर वीस डिसेंबरला तो येणार, म्हैस विकणार, घराला कुलूप लावणार आणि मला घेऊन जाणार. अट मला न्याय्य वाटली. मी हो म्हटलं. तेव्हा बर्फ पडलेला नव्हता.

आता मुठींकडे येते. नोव्हेंबरात पहिल्यांदा म्हैस चालवून बघितली तर पाच मिनिटांत बोटं खडू. मग मला गॅरेजच्या फळीवरचा तो डबा आठवला. हँडलवर चढवायच्या गरम मुठींचा. रबराच्या नळ्या असतात, आत तारा, त्या बॅटरीला जोडायच्या, बटण दाबलं की मुठी तापतात. तुमच्या बंधूंनी जायच्या आधी, त्याच उन्हाळ्यात मागवल्या होत्या आणि डबा उघडून तसाच ठेवला होता. एवढ्या उष्ण माणसाला गरम मुठी कशाला हव्या होत्या, असं मनात आलं, पण कंपनीची सवय असेल म्हणून सोडून दिलं. वर्षभर कोणाचा हात न लागलेली वस्तू असली की तिच्याविषयी फार विचार करायचा नाही, असं मी सध्या ठरवलेलं आहे. गॅरेजमध्ये तशा वस्तू बऱ्याच आहेत.

माझं शिक्षण दहावीपर्यंत, पण छापलेलं काहीही मी सोडत नाही हे तुम्हाला माहीत आहे. इंग्रजीसुद्धा मी अशाच पत्रकांवर शिकले, वॉशिंग मशीनच्या, तापाच्या गोळ्यांच्या, मोटारीच्या. मुठींबरोबरचं पत्रक मी तीनदा वाचलं. शिवाय कारंज्याला वडिलांची पिठाची गिरणी होती, पट्टा घसरला की मीच चढवायचे, त्यामुळे यंत्राची भीती नाही. तारा मी जोडल्या. लाल ती लाल, काळी ती काळी, मध्ये फ्यूज, हँडलवर बटण. शेजारचे डेल (वय अठ्ठ्याहत्तर, आयुष्यभर शाळेची बस चालवली, एकटेच असतात) बघायला आले आणि म्हणाले, मॅन्डी, तुझ्या नवऱ्यापेक्षा तुझं काम स्वच्छ आहे. मी म्हटलं, त्यांच्या कामाला दर दोन मिनिटांनी व्याख्यानाचा ब्रेक असायचा, म्हणून.

अडलं ते मुठी चढवताना. हँडल जाड, रबर घट्ट, आणि वर थंडीने ते आणखी आखडलेलं. सोबत डिंकाची ट्यूब होती, ती लावली की म्हणे मूठ आधी सरकते आणि मग कायमची बसते. ट्यूब दाबली तर आतून खडूची भुकटी निघाली. डेल म्हणाले की गावातल्या दुकानातून नवा आण. पण आकाश भरून आलं होतं, हा शुक्रवार होता, परीक्षा रविवारी. आणि वन्सं, इथे तुम्ही येता.

माझ्या लग्नातला चुडा आठवा. गिरणीत काम करून माझे पंजे रुंद, कासाराने तीन मापं मोडली आणि शेवटी म्हणाला की हा हात बांगडीचा नाही. मंडप ऐकत होता. तुम्ही आतून खोबरेलाची वाटी घेऊन आलात, माझा अंगठा तळहातात दुमडलात, तेल चोळलंत आणि बावीसच्या बावीस हिरव्या बांगड्या सरकन चढवल्यात. एकही पिचली नाही. तेव्हापासून माझी ठाम समजूत आहे की घट्ट वस्तू चढवायचा जगात एकच उपाय आहे आणि तो निळ्या बाटलीत मिळतो. पत्रकात ‘तेल किंवा वंगण वापरू नये’ असं छापलेलं होतं. मी ते वाचलं होतं. पण तिथे तेल म्हणजे इंजिनाचं, असं मी धरलं. खोबरेल हे तेल नव्हे, ते घरचं आहे. (त्याच बांगड्यांवरून गेल्या वर्षी घरात सगळे माझ्यासमोरच चर्चा करत होते, ठेवाव्यात की काढाव्यात. तुम्ही एकट्याच म्हणालात, ‘तिचे हात आहेत, तिला ठरवू द्या.’ आता लिहून ठेवते की ऐकलं होतं.)

मुठी चढल्या. अगदी चुड्यासारख्या. डाव्या मुठीला मी जरा सढळ हाताने लावलं होतं. शनिवारी सकाळी ओढून बघितल्या, हलेनात. डेलनी पाय रोवून ओढल्या, तरी हलेनात. ते म्हणाले, कोणता डिंक वापरलास, मलाही हवा. मी म्हटलं, आमच्याकडचा आहे. मला फार बरं वाटलं आणि त्या आनंदात मी एका गोष्टीचा विचार केला नाही. वन्सं, तुम्ही टेक्सासात राहता, तुमची बाटली बारा महिने पातळ असते. इथे ऑक्टोबरपासून खोबरेल बाटलीत दगडासारखं थिजतं, न्हायच्या आधी अर्धा तास गरम पाण्यात बसवावं लागतं. तीसेक हिवाळे मी दर रविवारी बाटली गरम पाण्यात बसवते आहे. गॅरेजमध्ये उणे पाच होतं. मुठी डिंकाने बसल्याच नव्हत्या, गोठलेल्या खोबरेलाने बसल्या होत्या. आणि त्या मुठी कशासाठी होत्या, तर गरम व्हायला.

रविवारी सकाळी आठ इंच बर्फ. मागच्या कॅरियरवर माझ्या जागी चाळीस पौंडांची तांदळाची पिशवी बांधली. फोन जाकिटाच्या वरच्या खिशात, कॅमेरा बाहेर, पलीकडे फ्रीमाँटमध्ये परीक्षित, हिमानी आणि आमची आन्या नाश्ता करत बघत बसलेले. मी बटण दाबलं, सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवलं आणि निघाले. वन्सं, ती ऊब काय सांगू. गेल्या वर्षभरात माझे हात बाहेर असे गरम झाले नव्हते. पातं बर्फ बाजूला सारत होतं, तांदूळ आपलं काम करत होते, परीक्षितचा आवाज आला की नाइस, आई, व्हेरी नाइस. अर्धी वाट सुंदर झाली. मग मला खोबरेलाचा वास येऊ लागला. मला वाटलं आठवण येते आहे. न्हाऊन बसल्यासारखं वाटतं कधीकधी.

रस्ता पन्नास पावलांवर आला आणि डावी मूठ माझ्या हातात फिरली. हँडल सरळ, मूठ गोल. मी ती जास्त घट्ट धरली, तशी ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघून आली आणि गरम भाजलेल्या कणसासारखी माझ्या हातात राहिली, खाली तार लोंबत. घाबरलेला माणूस जे हाताशी असेल ते आवळतो. माझ्या उजव्या अंगठ्याशी ॲक्सिलरेटर होता. म्हैस उजवीकडे वळली आणि उधळली.

तिथे, आमच्या हद्दीला लागून, डेल दर वर्षी नाताळासाठी उभा करतात तो नायलॉनचा बर्फाचा बुवा, म्हणजे स्नोमॅन, आहे. बारा फूट उंच, पोटात पंखा, पंखा हवा भरत राहतो आणि बुवा हसत राहतो. मी त्याच्या पोटात गेले. तो आडवा झाला, पण पंखा चालूच असल्याने पुन्हा फुगला, माझ्यावरून. मी, म्हैस आणि तांदूळ तिघंही आत. सगळीकडे पांढरं, मऊ, उजेड आणि खोबरेलाचा वास. मी अंगठा काढला, इंजिन बंद केलं. मेल्यावर असंच असेल तर हरकत नाही, असं एकदा वाटून गेलं. मग खिशातून आन्याचा आवाज आला.

‘आजी, आर यू इनसाइड अ मार्शमॅलो?’

मला आवाज न निघणारं हसू फुटलं आणि त्यामुळे उत्तर देता येईना, आणि तीच माझी चूक झाली, कारण परीक्षितला ते हसू दिसलं नाही, फक्त पांढरं दिसलं आणि ऐकू काही आलं नाही. ‘आई. आई, बोल काहीतरी,’ असं तो तीनदा म्हणाला. बाबांची बातमी त्याला फोनवरच कळली होती, फ्रीवेवर असताना. तेव्हापासून फोनमधून शांतता आली की तो तसाच होतो. हे मला माहीत आहे, म्हणून नंतर तो जे बोलला त्याचा मी राग धरलेला नाही. मी ठीक आहे म्हटल्यावर तो म्हणाला, ‘बास, आई. हे सगळं कॅन्सल. वीसला येतोय, म्हैस न्यायला ट्रेलर बुक करतो.’ तेवढ्यात डेलनी बाहेरून बुव्याची चेन उघडली, डोकं आत घातलं, दोनदा हवा हुंगली आणि विचारलं, मॅन्डी, तू इथे काही बेक करते आहेस का.

मला खरचटलंसुद्धा नाही. बुव्याची शिवण उसवली होती, ती मी सोमवारी गोधडीच्या टाक्याने शिवून दिली. डेल म्हणतात, आता तो पूर्वीपेक्षा मजबूत आहे, फक्त पोटावर ऑपरेशन झाल्यासारखा दिसतो.

पण पत्र मी त्यासाठी लिहिलं नाही. सोमवारी दुपारी, कोणता डिंक आणायचा हे बघायला मी ते पत्रक पुन्हा काढलं. मी तीनदा वाचलं होतं ती इंग्रजी बाजू. मागची बाजू फ्रेंचमध्ये होती (कॅनडा जवळ, म्हणून छापतात), आणि फ्रेंच मला येत नाही म्हणून मी ती उलटलीच नव्हती. आयुष्यात न वाचता सोडलेली ती एकच बाजू असेल. त्या फ्रेंचच्या समासात पेन्सिलीने मराठी होतं. त्यांचं अक्षर तुम्ही ओळखाल, आकडे घालून लिहायची सवयही. एक, सोबतचा डिंक बिनकामाचा, नवा आणणे. दोन, चिकटवल्यावर चोवीस तास हात लावायचा नाही, मंदा लावेल. तीन, मंदाला डावी मूठ तिची तिला बसवू देणे, मध्ये बोलू नये. चार, खोबरेल लावू देऊ नये.

मी त्यांच्या स्टुलावर बसून पुष्कळ हसले. मग थोडा वेळ नाही हसले. उघड्या हाताने बर्फ उचलणारा माणूस गरम मुठी कोणासाठी मागवेल, हे कोणालाही सुचलं असतं. मला वर्षभर सुचलं नाही. मला पुढच्या सीटवर बसवायचा त्यांचा बेत होता आणि ते एकदा तरी, वन्सं, मध्ये न बोलता शिकवणार होते. तेवढं बघायचं राहिलं.

सोमवारीच नवा डिंक आणला, हँडल स्पिरिटने चारदा पुसलं, मुठी बसवल्या, चोवीस तास हात लावला नाही. (दोनदा लावला, पण नुसता बघायला.) काल सकाळी सहा इंच पडला होता. मी दारापासून रस्त्यापर्यंत वाट साफ केली, मुठी मधल्या आकड्यावर ठेवल्या, पेटीतून टपाल घेतलं आणि परत आले. टपालात एक बियांचा कॅटलॉग आणि दाताच्या डॉक्टरांची आठवण, म्हणजे जिवावर उदार होऊन आणावं असं काही नव्हतं. बघायला डेल होते आणि शिवलेला बुवा. बोटं शेवटपर्यंत माझीच राहिली.

तेव्हा काळजी करू नका. घर ऊबदार आहे (हीटर एकोणसत्तरवर, त्यांनी क्षमा करावी), गावच्या लायब्ररीतून आणलेली पाच पुस्तकं उशाशी आहेत, मला इथे एकटीला काहीही कमी नाही. गिरीशला आशीर्वाद. गुडघ्याला शेक घ्यायला विसरू नका.

तुमची,
मंदाकिनी

ता.क. परीक्षित सगळ्या जगाशी वाद घालतो, तुमच्याशी घालत नाही. वीस तारखेच्या आत त्याला एक फोन कराल का? फार बोलू नका, बांगड्यांच्या वेळी बोलला होतात तेवढं एकच वाक्य म्हणा. पुढे ‘अगं पण’ किंवा ‘अरे पण’ जोडू नका. त्याला यायचं तर येऊ दे, मी त्याला मागे बसवून टपाल आणायला नेईन. फक्त ट्रेलर आणू नकोस म्हणावं.

ता.क. २. पत्रकाच्या त्या बाजूचा फोटो त्याला पाठवावा असं मनात आलं होतं, लगेच जिंकले असते. पाठवला नाही. ते माझ्यासाठी लिहिलेलं आहे, पुरावा म्हणून लिहिलेलं नाही. तुम्हाला सांगितलं, कारण वाटी तुमची होती.

ता.क. ३. वर जे लिहिलं आहे की मला एकटीला काहीही कमी नाही, ते परीक्षितला वाचून दाखवायला आहे. तुम्ही जानेवारीत या. मागची सीट रुंद आहे, जाकीट मी देईन, हात माझ्या खिशात घाला. आणि राग मानू नका, पण वजनाला तुम्ही तांदळापेक्षा चांगल्या पडाल. तांदूळ बरे आहेत. पण वळणावर एकदाही ‘अगं पण मंदा’ म्हणत नाहीत.